लिटर गेलं कुठं?

पुण्यात सकाळी वेताळ टेकडी चढणाऱ्यांपैकी बरेच जण तिला एआरएआयची टेकडी म्हणतात. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ सालची संस्था तिच्याच अंगावर आहे. शोरूममधला सेल्समन ॲव्हरेजचा जो आकडा छातीठोकपणे सांगतो, 'एआरएआय सर्टिफाइड सोळा पॉइंट आठ' किंवा 'एकवीस पॉइंट आठ', त्याचं माहेर म्हणजे ही संस्था, नाहीतर मानेसरच्या आयकॅटसारखी दुसरी एखादी. बाहेर माणसं घाम गाळत चढ चढतात. आत प्रयोगशाळेत मोटार जागची न हलता साडेदहा-अकरा किलोमीटर धावते.

गाडीची चाकं मोठ्या रोलरवर ठेवलेली असतात आणि चालकासमोर पडद्यावर वेगाची रेघ असते. त्या रेघेवरून तसूभरही न ढळता गाडी चालवायची. शहरी वेगाचा एकच नमुना चार वेळा आणि शेवटी थोडा महामार्ग, असा एकूण वीस मिनिटांना वीस सेकंद कमी एवढा खेळ. महामार्गाच्या भागातही आपल्याकडे वेग ९० च्या वर जात नाही. युरोपच्या ज्या जुन्या चाचणीवरून ही उचलली, तिथं तो १२० पर्यंत होता. शून्यापासून पन्नासवर जायला एके ठिकाणी २६ सेकंद दिलेले आहेत. सिंहगड रोडवर सिग्नल सुटल्यावर कुणी इतक्या सावकाश गाडी उचलून पाहावी. एसी बंद. रिकाम्या गाडीवर भारही मोजकाच. जवळजवळ पाव वेळ गाडी नुसती उभी. डिझेल किती गेलं हे टाकीत पट्टी घालून बघत नाहीत. धूर पिशव्यांत भरून त्यातला कार्बन मोजतात. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. किलोमीटरला १३२ ग्रॅम निघाला, तर गाडी लिटरला वीस देते असा हिशेब.

यात फसवणूक नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दोन गाड्या एकाच फुटपट्टीनं मोजायच्या तर फुटपट्टी अशी एकसुरीच लागते. टाटा हॅरिअरचा मॅन्युअलचा आकडा १६.८ आणि ऑटोमॅटिकचा १४.६, ह्युंदाई क्रेटाच्या दीड लिटर डिझेलचा मॅन्युअलला २१.८ आणि ऑटोमॅटिकला १९.१. दोन गाड्यांमधला आणि दोन गिअरबॉक्समधला हा फरक रस्त्यावरही बऱ्यापैकी टिकतो. मूळ आकडा मात्र टिकत नाही. अमेरिकेत हे फार आधी ओळखलं गेलं. तिथल्या पर्यावरण खात्यानं १९८५ पासून प्रयोगशाळेतल्या शहरी आकड्यातून दहा टक्के आणि महामार्गाच्या आकड्यातून बावीस टक्के कापूनच तो गाडीच्या काचेवर चिकटवायला लावला. २००८ पासून एसी, थंडी आणि जास्त वेग यांच्या वेगळ्या चाचण्याही जोडल्या. युरोपात आता नव्या गाड्यांच्या आतच इंधनाची नोंद होते. २०२१ साली रस्त्यावर आलेल्या गाड्यांचा हिशेब युरोपीय आयोगानं २०२४ मध्ये मांडला, तेव्हा डिझेल गाड्या कागदापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त पितात असं निघालं. तेही तिथल्या नव्या, कडक चाचणीशी ताडून. आपल्या चाचणीची थोरली बहीण असलेली ती जुनी युरोपीय चाचणी होती, तेव्हा ही तफावत २००१ मधल्या ८ टक्क्यांवरून २०१४ पर्यंत ४० टक्क्यांवर गेली होती. १६.८ ला १.४ नं भागलं तर बारा येतात. हॅरिअरवाल्या कुणा मित्राला विचारा, तो याच्याच आसपास कुठंतरी सांगेल.

खरी लबाडीही झाली, पण ती बहुतेक धुराच्या बाबतीत. २०१३ मध्ये जनरल मोटर्सनं भारतात शेव्हरोले टवेराच्या १ लाख १४ हजार गाड्या परत बोलावल्या. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं जगभर गाजलेलं प्रकरण झालं. ॲव्हरेजवरून कंपनीला कोर्टात खेचणारे थोडेच. केरळात त्रिशूरच्या ग्राहक आयोगानं २०२२ मध्ये एका डिझेल मोटारीच्या मालकिणीला ३ लाख १० हजार रुपये देववले. जाहिरातीत ३२ चा आकडा होता, गाडी विसाच्याही आत देत होती. बाकीचे आपण पार्किंगमध्ये उभं राहून एकमेकांना 'किती देते?' विचारतो आणि समोरच्याच्या उत्तरावर विश्वास ठेवत नाही.

विश्वास न ठेवणं बरोबरच आहे, पण समोरचा खोटं बोलतो म्हणून नव्हे. आपण हा हिशेब उलटा धरतो. लिटरला किती किलोमीटर, असं विचारलं की अठरावरून बावीसवर जाणं दहावरून बारावर जाण्यापेक्षा मोठं वाटतं. शंभर किलोमीटरला लागलेले लिटर मोजा. अठराची गाडी साडेपाच लिटर पिते आणि बावीसची साडेचार, म्हणजे वाचलं एक. दहाची गाडी दहा पिते आणि बाराची आठ पूर्णांक तीन, म्हणजे वाचलं जवळजवळ पावणेदोन. अवजड एसयूव्ही या दहा-बाराच्या पट्ट्यातच जगते. तिथं एका किलोमीटरच्या फरकात खिशाला पडणारं भोक छोट्या गाडीपेक्षा कितीतरी मोठं असतं. लिटर मोजायला लागलं की ते कुठं कुठं सांडले तेही दिसू लागतं.

पहिलं लिटर घाटात जातं, आणि महाराष्ट्रात राहणाऱ्यानं सगळ्यात आधी तेच शिकावं. खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर आहे आणि लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. माणसं आणि सामान धरून दोन टनांची गाडी साडेपाचशे मीटर उचलायला लागणारं काम शाळेतल्या सूत्रानं काढता येतं. चांगलं डिझेल इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त चाकापर्यंत पोचवतं असं धरलं, तर या उचलण्यापोटी पाऊण ते एक लिटर डिझेल जळतं. रस्ता कापायला लागलेलं वेगळंच. गाडी कुठलीही असो, चालक कितीही निष्णात असो, हे लिटर टळत नाही. मुंबईहून पुण्याला येताना तेरा देणारी गाडी परतताना पंधरा-साडेपंधरा देते आणि मालक मधल्या काळात बदललेल्या ऑइलला श्रेय देतो. बदललेली असते ती फक्त दिशा.

पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला जा. चाळीसेक किलोमीटरमध्ये साधारण तेराशे मीटरची चढण आहे. नुसतं उचलायलाच दोन लिटर हवेत. सपाटीवर पंधरा देणारी गाडी इथं आठ-साडेआठवर आलेली दिसेल. घाबरू नये. उतरताना त्यातलं बरंच परत मिळतं, अट एवढीच की ते ब्रेकच्या तव्यावर जाळून टाकायचं नाही. वळणावर ब्रेकचा वास आला की समजावं, चढताना घातलेलं डिझेल आता उष्णता होऊन दरीत चाललंय.

इथं न्यूट्रलचा विषय काढावाच लागतो. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, ही सवय जुन्या टेम्पो-ट्रॅक्सच्या काळापासून अनेक हातांत मुरली आहे. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात तिचा परिणाम नेमका उलटा होतो. गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजेक्टर डिझेल देणं बंदच करतात. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या दमावर चालू राहायला हवं म्हणून डिझेल पीत राहतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्च आहे आणि गिअरमध्ये शून्य. वर इंजिनाचा ब्रेक गेला, सगळा भार पायातल्या ब्रेकवर आला. घाटात चावी बंद करणारे महाभागही आहेत. स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचा जोरही संपतो. त्या बचतीबद्दल काही न बोललेलं बरं.

दुसरं लिटर वारा नेतो. हे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापेक्षा समृद्धी महामार्गावर जास्त कळतं. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये इगतपुरीपुढचा शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. सपाटीला मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १२०. सरळ, रुंद, सिमेंटचा रस्ता, सिग्नल नाही, गावातलं वळण नाही. ॲव्हरेज उत्तम मिळेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पंप गाठल्यावर लोक बोनेट उघडून बघतात.

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. सेडान मोटार वाऱ्यातून घुसते. बोलेरो, स्कॉर्पिओसारखी उंच, सरळ नाकाची गाडी मात्र कपाट उभं धरून पळाल्यासारखी जाते. दोन टनांची अशी गाडी धरून मी ढोबळ गणित केलं. टायरचा विरोध सगळ्या वेगांना साधारण सारखाच, अडीचशे न्यूटनच्या आत. वाऱ्याचा मात्र ८० च्या वेगाला पावणेचारशे न्यूटन, १०० ला सहाशेच्या जवळ आणि १२० ला साडेआठशे. याचं डिझेलमध्ये रूपांतर केलं की ८० ला लिटरमागे सोळा-सतरा, १०० ला तेरा आणि १२० ला साडेदहा असं काहीतरी येतं. नव्या, घोटीव नाकाच्या गाड्यांना याहून थोडं बरं, पण उतरण तीच. आता अख्खी समृद्धी या आकड्यांवर चालवून बघा. सलग १०० नं ७०१ किलोमीटरला सात तास आणि ५४ लिटर. सलग १२० नं पाच तास पन्नास मिनिटं आणि ६७ लिटर. सव्वा तासाच्या आत-बाहेरची बचत आणि तेरा लिटर जास्त, म्हणजे नव्वद रुपयांच्या दरानं साडेअकराशेच्या वर रुपये.  कुणाच्या तासाची किंमत हजार रुपयांहून जास्त असेल, त्यानं खुशाल १२० नं जावं. पण मग गाडीला नावं ठेवू नयेत.

टपावरचं कॅरिअर याच खात्यात येतं. गणपतीला गावी जाताना बांधलेलं कॅरिअर दिवाळीपर्यंत तसंच राहतं आणि रिकामं असलं तरी वारा अडवतच असतं.

तिसरं लिटर उभ्या गाडीत जातं. दोन-सव्वादोन लिटरचं डिझेल इंजिन एसी चालू ठेवून उभं राहिलं तर तासाला साधारण एक लिटर पितं. हिंजवडीच्या फाट्यावर किंवा ठाण्यात घोडबंदरला संध्याकाळी तासभर अडकलात तर हे लिटर शून्य किलोमीटरला गेलं. त्यात दिलासा इतकाच की पेट्रोलवाला याहून जास्त घालवतो. कमी ताकद हवी असते तेव्हा पेट्रोल इंजिनाला हवेची वाट आवळून धरावी लागते, आणि त्या आवळलेल्या वाटेतून हवा ओढण्यातच त्याची शक्ती जाते. डिझेल इंजिन हवा मोकळी घेतं, फक्त डिझेल कमी टाकतं. म्हणून रांगत्या ट्रॅफिकमध्ये दोन टनांची टर्बो पेट्रोल एसयूव्ही सात-आठवर येते तेव्हा तिचीच डिझेल बहीण दहा-अकरा धरून असते. अवजड गाडीत डिझेल अजून का टिकून आहे, याचं हे मोठं कारण. मारुतीनं एप्रिल २०२० मध्ये डिझेल सोडलं, ते तिच्या छोट्या गाड्यांच्या हिशेबानं. महिंद्रा, टाटा आणि टोयोटा यांना ते परवडणारं नव्हतं.

त्याच एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि शहरातल्या डिझेलला नवा खर्च चिकटला. सायलेन्सरच्या वाटेत बसवलेला फिल्टर, म्हणजे डीपीएफ, काजळी धरून ठेवतो. तो भरला की काजळी जाळावी लागते, त्यासाठी सहाशे अंशांच्या आसपास तापमान हवं आणि ते आणायला इंजिन जादा डिझेल फवारतं. महामार्गावर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण रोज मुलांना दोन किलोमीटरवरच्या शाळेत सोडून परत येणाऱ्या गाडीत हे काम अर्धवट सुटतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा सुटतं. आकडा घसरतो आणि जळायचं राहिलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळी वाढते. ऑइल वाढलं म्हणून खूश होणारे मालक पाहिलेत. बऱ्याच गाड्यांना वर ॲडब्लू घालावं लागतं. गॅरेजवाले त्याला सरळ युरिया म्हणतात, आणि ते खोटं नाही, त्यात साडेबत्तीस टक्के युरियाच असतो. ॲव्हरेजच्या हिशेबात त्याचा खर्च कुणी धरत नाही.

हे सगळं ट्रॅव्हल्सच्या धंद्यात फार आधी पोचलेलं आहे. तिथं ॲव्हरेज हा मालक आणि ड्रायव्हर यांच्यातल्या विश्वासाचा मामला असतो. महिन्याच्या शेवटी ट्रिपशीट उघडतं, किलोमीटरला लिटरनं भागतात आणि आकडा कमी आला की 'डिझेल मारलं' हा संशय आधी येतो. मालकानं सगळ्या फेऱ्यांना एकच तेराचा आकडा लावला, तर महाबळेश्वरला गेलेला प्रामाणिक ड्रायव्हर चोर ठरतो आणि नाशिक-शिर्डी सपाटीवर फिरणारा खरोखर दोन लिटर काढूनही साव राहतो. जाणता मालक फेरीवार लिटर ठरवून देतो. एसटीत तर हिशेबाची भाषाच वेगळी, केपीटीएल, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर. पुढाऱ्यांच्या ताफ्यात मात्र हा विषयच निघत नाही. सात माणसं, काळ्या काचा, १४० चा वेग आणि थांबल्यावरही चालूच ठेवलेली गाडी. डिझेल कुणाच्या खात्यावर पडलं एवढंच तिथं विचारतात.

स्वतःच्या गाडीचा खरा आकडा काढायचा तर डॅशबोर्डच्या पडद्यावर जाऊ नका. तो बहुधा पाच-दहा टक्के खुशामत करतो. टाकी ते टाकी हीच पद्धत. पण डिझेलची एक खोड लक्षात ठेवायला हवी, त्याला फेस येतो. नोझल पहिल्यांदा कट झालं तेव्हा टाकी भरलेली नसते, फेस भरलेला असतो. तो बसू द्यावा, पुन्हा सावकाश भरावं, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच मशीनवर तसंच करावं. एका टाकीवर निकाल देऊ नये. तीन-चार टाक्या जमल्या की आकडा स्थिर होतो. पंपाबद्दल शंका असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागता येतं, ते दाखवायला पंपचालक बांधील आहे. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि पाठोपाठ ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात मशीनमध्ये चिप बसवून माप मारणारे पंप पकडले, तेव्हापासून हे मागताना संकोच करायचं कारण उरलेलं नाही.

आणि टायर बघा. गाडी रांगडी दिसावी म्हणून कंपनीच्या २३५/६५ आर १७ च्या जागी २६५/६५ आर १७ घालणारे पुष्कळ. चाक पाच टक्क्यांनी मोठं होतं, एका फेरीत गाडी जास्त पुढं जाते, पण मीटरला ते माहीतच नसतं. गाडी शंभर किलोमीटर धावली तरी मीटर पंचाण्णवच दाखवतो. म्हणजे रुंद टायरनं खरंच थोडं डिझेल जास्त खाल्लं, आणि वर न खाल्लेलंही त्याच्या नावावर चढलं.

राहिला प्रश्न घ्यायची कुठली. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल १०३ च्या वर आणि डिझेल नव्वदच्या आसपास होतं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी, त्यामुळे पेट्रोलवाल्यांची कुरकुर वेगळीच चालू आहे. डिझेलला ती बाधा नाही. दुसरीकडे दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १२ टक्के मोटार वाहन कर आहे आणि डिझेलला १४. मोठ्या एसयूव्हीचं गणित मांडू. पेट्रोल नऊ देते असं धरलं तर किलोमीटरला साडेअकरा रुपये, डिझेल तेरा देते तर सात. फरक साडेचार रुपयांचा. डिझेलसाठी दीड लाख जास्त मोजले, तर ते तेहेतीस हजार किलोमीटरमध्ये वसूल. छोट्या गाडीत पेट्रोलला सोळा आणि डिझेलला वीस धरले, तर फरक दोन रुपयांवर येतो आणि सव्वा लाख वसूल व्हायला साठ हजार किलोमीटरच्याही पुढं जावं लागतं.

वर्षाला पंचवीस हजार रनिंग असलेला, आठवड्याला घाट चढणारा छत्रपती संभाजीनगर रोडवरचा ठेकेदार डिझेलच घेणार आणि त्यानं तीच घ्यावी. पण सोसायटीच्या बेसमेंटमधल्या कितीतरी डिझेल एसयूव्हींचं रनिंग वर्षाला सहा-सात हजारांच्या पुढं जात नाही. त्यांचे दीड लाख सुटायला पाच-साडेपाच वर्षं लागतात, आणि तोवर शाळेच्या फेऱ्यांनी डीपीएफचा दिवा कितीदा लागतो ते त्यांचा गॅरेजवाला सांगेल. शोरूममध्ये रनिंग विचारतात जरूर. उत्तर ऐकून 'मग तुम्ही पेट्रोल घ्या' म्हणणारा सेल्समन मात्र मला अजून भेटलेला नाही.